वरच्या खोलीतली वायर, खालचं वायफाय: डेस्कटॉपला राउटर बनवायच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

आधी परिस्थिती लिहून ठेवतो. साताऱ्यातलं दोन मजली घर, फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे आणि माझी खोली वर. खोलीत डेस्कटॉप आहे (डेबियन १२), एक जुना लेझर प्रिंटर आहे ज्याला फक्त नेटवर्कची वायर लागते, वायफाय नाही, एक रास्पबेरी पाय आहे ज्याला डिस्क लावून घरातले सगळे फोटो ठेवलेत, आणि भाच्याला प्रोजेक्टसाठी दिलेला पीसी, त्यातही वायफाय कार्ड नाही. हे सगळं एका आठ पोर्टच्या स्विचला. खालून वर वायर आणायची म्हटलं तर भिंतीतला कन्सील पाइप जिन्याच्या वळणावर कुठेतरी दबलाय, वायरमनने स्प्रिंग घालून बघितली पण पुढे सरकतच नाही, आणि आत्ताच रंग दिलेली भिंत फोडायला आई तयार नाही, ते बरोबरच आहे.

डेस्कटॉपला मात्र खालचं वायफाय चांगलं मिळतं, सिग्नल उणे ६० डीबीएमच्या आसपास. म्हणजे डेस्कटॉपला दोन तोंडं आहेत, एक वायफायचं खाली राउटरकडे आणि एक वायरचं स्विचकडे. स्विचवाल्या सगळ्यांना त्याच्यामार्फत बाहेर काढायचं एवढंच काम आहे, वेगळा एक्स्टेंडर घ्यायची गरज नाही.

पहिला विचार कुणाच्याही डोक्यात येतो तो म्हणजे ब्रिज, वायर आणि वायफाय दोन्ही कार्डं एकत्र जोडून टाका, सगळं एकच नेटवर्क. लिनक्स यालाच नकार देतो, वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायला गेलं की 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. आणि कारण अगदी रास्त आहे. वायफायवर क्लायंटकडून (जोडलेल्या उपकरणाकडून) अॅक्सेस पॉइंटकडे (वायफाय सोडणाऱ्या राउटरकडे) जी फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, जाते तिच्यात तीन पत्ते असतात, अॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि शेवटी जिथे पोचायचं त्याचा. प्रिंटरची फ्रेम डेस्कटॉपने पुढे ढकलायची तर पाठवणारा प्रिंटर पण हवेत सोडणारा डेस्कटॉप, असे दोन वेगळे पत्ते लागतात, आणि या पाकिटावर 'मार्फत' लिहायला जागाच नाही. अॅक्सेस पॉइंटकडे प्रिंटरच्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाची) ओळख झालेली नसते त्यामुळे तो ती फ्रेम सरळ टाकून देतो. चार पत्त्यांच्या फ्रेमची सोय आहे, तिला डब्ल्यूडीएस म्हणतात, पण ती राउटरलाही यायला लागते आणि कंपनीने बसवून दिलेल्या राउटरमध्ये तो पर्याय दिसत नाही.

म्हणून ब्रिज नाही, राउटिंग. खाली १९२.१६८.१.० चं नेटवर्क आहे तसंच राहील, वर वायरवर १९२.१६८.५०.० असं वेगळं /२४ नेटवर्क (पहिले तीन आकडे ठरलेले, फक्त शेवटचा बदलता). १७२.१७ पासून लांब राहिलो कारण डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) स्वतःसाठी तेच घेतो आणि डेस्कटॉपवर डॉकर आहे.

रविवार, १५ जून

सकाळी सगळा पाया घातला. वायरच्या कार्डाला नेटवर्क मॅनेजरमधून हाताने पत्ता दिला, १९२.१६८.५०.१, गेटवे (बाहेर जायचं दार) मुद्दाम रिकामा ठेवला आणि 'नेव्हर डिफॉल्ट' चालू केलं. हे महत्त्वाचं आहे आणि बऱ्याच जणांचं इथेच अडतं. नेटवर्क मॅनेजर वायरला मेट्रिक १०० देतो आणि वायफायला ६००, ज्याचा आकडा लहान त्याची वाट आधी. तर वायरच्या कार्डाला चुकून डिफॉल्ट राउट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) मिळाला की डेस्कटॉपचं सगळं इंटरनेट स्विचकडे जायला लागतं, जिथून बाहेर जायला रस्ताच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं वायफाय बंद पडलं.

मेट्रिकबद्दल अजून एक गोष्ट, ते फक्त बरोबरीच्या दोन वाटांमध्ये निवड करायला असतं. त्याआधी कर्नल (लिनक्सचा गाभा) बघतो की पत्त्याला जास्तीत जास्त नेमकी जुळणारी ओळ कुठली, /२४ ची ओळ जुळली तर डिफॉल्टकडे बघायचंच नाही, मेट्रिक कितीही असो. अंदाज करत बसण्यापेक्षा 'आयपी राउट गेट' आणि पुढे पत्ता टाकायचा, कर्नल स्वतः सांगतो की हे पॅकेट कुठल्या कार्डातून, कुठल्या गेटवेकडे, कुठला पत्ता लावून जाणार. पुढच्या सगळ्या नोंदींमध्ये हाच कमांड सगळ्यात जास्त वापरलाय.

मग आयपी फॉरवर्ड (एका कार्डातून आलेलं पॅकेट दुसऱ्यातून पुढे पाठवणं) चालू केलं, सिस्कंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये वेगळी फाइल करून, म्हणजे रीबूटनंतरही टिकेल. वायरवर पत्ते वाटायला डीएनएसमास्क, ५० ते १५० पर्यंतचे पत्ते, बारा तासांची लीज (पत्ता वापरायची मुदत). डीएनएसमास्कला नुसतं वायरचंच कार्ड नेमून दिलं. तो जर वायफायच्या बाजूलाही पत्ते वाटायला लागला तर खालचे फोन राउटरऐवजी इथून पत्ते घेतील आणि अख्ख्या घराचं नेट बसेल, त्यामुळे ही ओळ आधी लिहायची आणि मगच सर्व्हिस चालू करायची.

शेवटी एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) मास्करेडची एक ओळ, वायरकडून आलेलं जे काही वायफायकडून बाहेर जाईल त्याच्यावर डेस्कटॉपचा पत्ता लावायचा. पायवरून राउटरला पिंग केलं, उत्तर नाही.

बुधवार, १८ जून, रात्री

ऑफिसमुळे मधले दिवस हात लावता आला नाही. आज जेवणानंतर बसलो आणि टीसीपीडंप (कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) दोन खिडक्यांमध्ये लावला, एक वायरच्या कार्डावर एक वायफायच्या. वायरवर पिंग येताना दिसतंय, वायफायवर काहीच नाही. म्हणजे पॅकेट डेस्कटॉपच्या आत शिरून आतच मरतंय. फॉरवर्ड चालू आहे, राउट गेट बरोबर वाट सांगतोय, मग उरतो फायरवॉल, आणि माझ्या टेबलमध्ये तर अक्सेप्ट लिहिलंय.

हे डॉकरचं काम. डॉकर चालू होताना आयपी फॉरवर्ड बंद असेल तर तो ते स्वतः चालू करतो आणि आयपीटेबल्सच्या (फायरवॉलच्याच जुन्या रूपाच्या) फॉरवर्ड चेनची, म्हणजे नियमांच्या यादीची, पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो: कुठलाच नियम लागू झाला नाही तर पॅकेट टाकून द्यायचं. आणि एनएफटेबल्सचा नियम असा की एकाच ठिकाणी दोन चेन टांगलेल्या असतील तर एकीने अक्सेप्ट म्हटलं म्हणजे पॅकेट सुटलं असं नाही, ते पुढच्या चेनकडे जातं, आणि कुणीही एकीने ड्रॉप म्हटलं की संपलं. त्यामुळे आपल्या टेबलमध्ये कितीही अक्सेप्ट लिहा, फरक पडत नाही. डॉकरने त्यासाठी 'डॉकर-यूझर' नावाची चेन मोकळी ठेवलेली असते, तिच्यात वायरकडून वायफायकडे आणि आधीच सुरू असलेल्या कनेक्शनची परतीची पॅकेटं, असे दोन नियम टाकले. लगेच पिंग सुरू.

ज्याच्या मशिनवर डॉकर आहे आणि फॉरवर्डिंग चालत नाहीये त्याने सगळ्यात आधी हेच बघावं.

शनिवार, २१ जून

भाच्याचा पीसी वायरवर व्यवस्थित चालतोय. त्याची तक्रार मात्र अशी की गेम खेळताना मध्येच झटका बसतो. पिंग लावून ठेवलं तर बहुतेक वेळा तीन-चार मिलिसेकंद आणि मधूनच शंभरच्या वर. शंभरच्या आसपासचा आकडा दिसला की वायफायचं पॉवर सेव्ह आठवायचं. अॅक्सेस पॉइंट साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन सोडतो, कार्ड झोपलेलं असेल तर त्याच्यासाठीची पॅकेटं तोपर्यंत साठवून ठेवली जातात. लॅपटॉपला बॅटरीसाठी हे ठीक आहे, पण आता हा डेस्कटॉप तिघांचा राउटर आहे, त्याने झोपून चालणार नाही. नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ म्हणजे बंद, ती ठेवली आणि झटके गेले. त्याच हाताने डेस्कटॉपचं सस्पेंडही कायमचं बंद केलं.

स्पीडही मोजला, खाली लॅपटॉप राउटरला वायरने लावून आयपर्फ३ वर (वेग मोजायचं साधन). वायफायची लिंक ५८५ दाखवते, प्रत्यक्षात मिळतात ३४० च्या आसपास मेगाबिट. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, वर प्रत्येक फ्रेमची पोच पावती, त्यात एवढं जातंच. आपलं इंटरनेट १०० चं आहे तेव्हा भरपूर झालं. फक्त पायची लिंक १०० वरच अडकलेली दिसली, एथटूलने बघितलं. गिगाबिटला वायरच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे एखादी जोडी तुटली की लिंक गुपचूप खाली उतरते आणि सगळं चालूच राहतं. दुसरी पॅच कॉर्ड लावली, १००० आलं.

रविवार, २२ जून

आता खरी मागणी. बाबांना खालून फोनवरून प्रिंट काढायचीय, आणि आईला टीव्हीवर पायवरचे फोटो बघायचेत. मास्करेडमुळे वरच्यांना खाली जाता येतं पण खालच्यांना वरचं काही दिसतच नाही, कारण १९२.१६८.५०.० असं काही जगात आहे हेच राउटरला माहीत नाही, तो ते पॅकेट इंटरनेटच्या दिशेने ढकलून देतो. वरच्या बाजूने वाट आहे, परतीची वाट नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये स्टॅटिक राउटचं पान आहे. आधी डेस्कटॉपचा वायफायचा पत्ता पक्का केला, १९२.१६८.१.१०, मग राउटरला सांगितलं की १९२.१६८.५०.० /२४ कडे जायचं तर १९२.१६८.१.१० च्या हवाली करा. आता मास्करेड काढून टाकता येईल असं वाटतं, सगळं स्वच्छ राउटिंग, पण काढलं की वरच्या सगळ्यांचं इंटरनेट बंद. आमचा राउटर फक्त स्वतःच्या १९२.१६८.१ च्याच पत्त्यांना बाहेर जाताना बदलतो, ५० वाल्यांना तसंच सोडतो आणि असा खासगी पत्ता घेऊन गेलेल्या पॅकेटला उत्तर येणार कुठून. म्हणून मधला मार्ग: मुक्कामाचा पत्ता १९२.१६८.०.० /१६ च्या (१९२.१६८ ने सुरू होणाऱ्यांच्या) बाहेरचा असेल तरच मास्करेड, घरातल्या घरात असेल तर पत्ता बदलायचा नाही. हे मला आवडलं, कारण आता वरचं कुणी खालच्या मशिनशी बोललं तर तिथेही त्याचा खरा पत्ता दिसेल.

फायरवॉलमध्ये खालून वर येणाऱ्यांसाठी मोजकीच दारं (पोर्ट) उघडली: प्रिंटरला छपाईसाठी ६३१ आणि ९१००, त्याच्या सेटिंगच्या पानासाठी ८०, पायला फाइल शेअरिंगसाठी ४४५, आणि पिंग. बाकी ड्रॉप. हे नियम डॉकर-यूझरमध्येही टाकायला लागतात, वर लिहिलंय त्या कारणाने.

फोनवरून प्रिंटरला पिंग जातंय. ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान मात्र उघडत नाही, नुसतं गोल फिरतंय.

शनिवार, २८ जून

हा आठवडाभर डोक्यात होतं. पिंग चालतं आणि टीसीपी (आधी तीन टप्प्यांची ओळख करून मग बोलणारं कनेक्शन, वेबपान त्यावरच येतं) चालत नाही, हे लक्षण दिसलं की जायची आणि यायची वाट वेगवेगळी आहे का ते तपासायचं.

डेस्कटॉपच्या वायफाय कार्डावर टीसीपीडंप लावून बाबांच्या फोनवरून पान उघडलं. जे दिसलं ते जसंच्या तसं: फोनचं सिन (कनेक्शनची विनंती) आलं, प्रिंटरकडे गेलं, प्रिंटरचं सिन-अॅक (होकार) परत आलं आणि हवेत गेलं. इथपर्यंत छान. पुढे फोनचं अॅक (होकाराची पोच) यायला हवं, ते येत नाही. थोड्या वेळाने प्रिंटर तेच सिन-अॅक पुन्हा पाठवतो, मग पुन्हा, आणि शेवटी सोडून देतो.

आता मॅक पत्त्यांसकट छापायचा पर्याय लावला (उणे ई) आणि सगळं उघड झालं. सिन येताना राउटरच्या मॅकवरून येतंय, पण सिन-अॅक जाताना थेट फोनच्या मॅकवर जातंय. बरोबरच आहे, फोनला ५० चं नेटवर्क माहीत नाही म्हणून तो आपल्या गेटवेला, म्हणजे राउटरला देतो, राउटर डेस्कटॉपला देतो. परत येताना मात्र डेस्कटॉप स्वतःच १९२.१६८.१ मध्ये बसलेला आहे, फोन त्याला शेजारी दिसतो, तो राउटरला मध्ये कशाला घेईल. मग राउटरचा फायरवॉल काय बघतो? सिन गेलेलं बघितलं, सिन-अॅक बघितलंच नाही, आणि एकदम अॅक आलं. त्याच्या हिशेबी हे कनेक्शन अर्धवट आहे, अॅक अवैध, ड्रॉप. पिंगला असली तीन टप्प्यांची ओळखपाळख नसते म्हणून ते सुटतं.

उपाय दोन. एक, सगळ्या फोन-टीव्हीला ५० ची वाट शिकवायची, ते फोनवर होत नाही. दुसरा, डेस्कटॉपने परतीची पॅकेटंही राउटरमार्फतच पाठवायची, म्हणजे राउटरला दोन्ही बाजू दिसतील. यासाठी पॉलिसी राउटिंग. लिनक्समध्ये राउटिंगचं टेबल एकच नसतं, नेहमी आपण बघतो ते 'मेन', त्याचा क्रमांक २५४, त्याशिवाय लोकल २५५ आणि आपण आपली कितीही करू शकतो. कुठलं टेबल कधी बघायचं हे 'आयपी रूल' ठरवतं. मी १०० क्रमांकाचं टेबल केलं, त्यात एकच ओळ, डिफॉल्ट वाट १९२.१६८.१.१. आणि रूल असा: पॅकेट वायरच्या कार्डातून आत आलं असेल आणि १९२.१६८.१.० /२४ कडे चाललं असेल तर टेबल १०० बघ.

'वायरच्या कार्डातून आत आलं असेल' ही अट का, तर नुसतं 'पाठवणारा ५० चा' असं लिहिलं असतं तर डेस्कटॉप स्वतः १९२.१६८.५०.१ या पत्त्यावरून जे खाली पाठवेल तेही विनाकारण राउटरला वळसा घालून गेलं असतं. आत येण्याच्या कार्डाची अट घातली की फक्त फॉरवर्ड होणारी पॅकेटंच पकडली जातात. आणि 'कुठे चाललंय' ही अट यासाठी की इंटरनेटकडे जाणाऱ्यांना मेन टेबलच लागू राहावं, पुढे दुसरं कनेक्शन जोडायचंय.

एवढा वळसा घातला तर वेग कमी होईल का, हा प्रश्न मलाही पडला होता. होत नाही. वायफायवर डेस्कटॉप आणि फोन थेट एकमेकांशी बोलतच नाहीत, फ्रेम आधी अॅक्सेस पॉइंटकडे जाते आणि मग तिथून फोनकडे. अॅक्सेस पॉइंट म्हणजे तोच राउटर. त्यामुळे हवेतला प्रवास तेवढाच, फक्त राउटरच्या आत ते पॅकेट आता एक पायरी वर चढून येतं.

प्रिंटरचं पान बाबांच्या फोनवर पटकन उघडलं. मॅक पत्ते पुन्हा बघितले, येताना राउटर, जाताना राउटर.

रविवार, २९ जून

माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून खाली बसून तेच पान उघडलं तर पहिल्यांदा उघडतं आणि नंतर लटकतं. फोनला काही त्रास नाही. लॅपटॉपवर टीसीपीडंप लावला तर राउटरकडून आयसीएमपी रिडायरेक्ट येताना दिसलं, अर्थ असा की 'मला कशाला देतोस, १९२.१६८.१.१० तुझ्याच शेजारी आहे, त्यालाच थेट दे'. लिनक्स साधा होस्ट म्हणून चालताना हा सल्ला मानतो आणि लक्षात ठेवतो. मग पुढच्या वेळी सिन थेट डेस्कटॉपकडे, सिन-अॅक मात्र राउटरमार्फत, परत तीच अर्धवट गोष्ट उलट्या बाजूने. लॅपटॉपवर अॅक्सेप्ट रिडायरेक्ट्स शून्य केलं, 'ऑल' साठी आणि वायफाय कार्डासाठीही, राउट कॅशे साफ केला, संपलं.

रूल आणि टेबल नेटवर्क मॅनेजरच्या वायफाय प्रोफाइलमध्येच लिहून ठेवलं (राउटिंग रूल्स आणि राउट्समध्ये टेबल=१००), म्हणजे वायफाय तुटून पुन्हा जोडलं तरी आपोआप येतं. वेगळी स्क्रिप्ट ठेवली असती तर पावसात लाइट गेली-आली की तीच चालली का नाही हे बघत बसावं लागलं असतं.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी, घरात साबुदाण्याचा वास, आणि बाबा म्हणाले, "अरे, प्रिंटर चालतो म्हणतोस पण माझ्या फोनच्या यादीत तर येतच नाही." पत्ता हाताने टाकला तर प्रिंट निघते, यादीत दिसत नाही.

फोन प्रिंटर शोधतो तो एमडीएनएसने, २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर, पोर्ट ५३५३. हा पत्ता मुळातच एका नेटवर्कपुरता राखलेला आहे, कुठलाही राउटर तो पुढे पाठवत नाही, पाठवूही नये. राउटिंग कितीही बरोबर केलं तरी 'प्रिंटर कुठाय?' ही हाक जिन्यावरून वर येत नाही. अवाही (एमडीएनएस सांभाळणारा प्रोग्रॅम) डेस्कटॉपवर आहेच, त्याच्या फाइलमध्ये रिफ्लेक्टर चालू केला, आणि कार्डांच्या यादीत फक्त वायर आणि वायफाय ठेवली, नाहीतर तो डॉकरच्या ब्रिजवरही ओरडत बसतो. फायरवॉलच्या इनपुटमध्ये दोन्ही बाजूंना ५३५३ उघडला. आता अवाही एका बाजूची हाक ऐकून दुसऱ्या बाजूला तीच म्हणतो, उत्तरही तसंच परत.

बाबांनी एकादशीचं स्तोत्र मोठ्या अक्षरात छापून घेतलं, खालून, स्वतः. मला वर जाऊन कागद आणायला सांगितलं तेवढंच.

रविवार, १३ जुलै

शेवटचा भाग, फायबर बंद पडल्यावर काय. पावसात आमच्याकडे तो अधूनमधून जातोच. अशा वेळी वायफाय जोडलेलंच असतं, सिग्नल पूर्ण, राउटर पिंगला उत्तर देतो, त्यामुळे डेस्कटॉपच्या दृष्टीने वाट चालूच आहे, फक्त पलीकडे काही नाही. फोन यूएसबीने लावून टेदरिंग केलं की ते वायरच्या कार्डासारखं येतं, म्हणून मेट्रिक १०० आसपास, म्हणजे फायबर चालू असतानाही सगळं मोबाइल डेटावरून जायला लागतं. त्या प्रोफाइलचं मेट्रिक ९०० केलं, म्हणजे वायफायच्या ६०० नंतर त्याचा नंबर.

आणि वाट मेली आहे हे ओळखायला नेटवर्क मॅनेजरचा कनेक्टिव्हिटी चेक, डेबियनमध्ये त्याच्या सेटिंगचं छोटं वेगळं पॅकेज आहे. तपासणी फसली की त्या कार्डाच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवले जातात. म्हणजे ६०० चे २०६०० होतात आणि ९०० वाला फोन आपोआप पुढे येतो, फायबर परत आला की पुन्हा मागे. मास्करेडचा नियमही 'वायफायकडून बाहेर' असा होता तो 'वायरचं कार्ड सोडून कुठूनही बाहेर' असा केला, आणि फॉरवर्डचे नियमही तसेच.

राउटरची फायबरची पांढरी-पिवळी कॉर्ड काढून बघितलं. थोडा वेळ सगळं थांबलं, मग भाच्याच्या पीसीवर पानं उघडायला लागली. आधीच सुरू असलेलं डाउनलोड मात्र तुटलं, ते तुटणारच, ते कनेक्शन जुन्या बाहेरच्या पत्त्यावर बांधलेलं होतं आणि नवीन वाटेवर पत्ता वेगळा. प्रिंटर आणि फोटो चालूच राहिले कारण त्यांना इंटरनेटशी देणंघेणं नाही, टेबल १०० ची वाट घरातल्या घरात आहे.

आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) वायरच्या बाजूला दिलेलं नाही आणि त्याचं फॉरवर्डिंगही बंदच ठेवलंय. राउटर पत्त्यांचा एकच /६४ तुकडा देतो, वरच्या नेटवर्कला वेगळा तुकडा मागितला तर देत नाही. चालू कॉन्फिगच्या सगळ्या फाइल्स पायवर 'राउटर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात, एनएफटेबल्स, डीएनएसमास्क, अवाही आणि नेटवर्क मॅनेजरची तीन प्रोफाइल्स. भाच्याला रूल आणि टेबल १०० कागदावर काढून दाखवलं, प्रोजेक्टला हाच विषय घेतो म्हणतोय.